सिक्युरिटी चालू करूनच देतात ती लिनक्स : फेडोरा, उबुंटू, मिंट तिन्ही दुकानात वापरून पाह्यले

दुकान म्हणजे फार काही नाही, भुसावळला जामनेर रोडच्या अंगाला एक गाळा, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि जमलं तर लॅपटॉप रिपेरिंग. चार मशीन आहेत, त्यातले तीन इतके म्हातारे की विंडोज ११ त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवतं, टीपीएम (सिक्युरिटीची चिप) नाही, प्रोसेसर जुना, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला बंदच झाले. म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, फेडोरा, उबुंटू, मिंट हे तिचेच प्रकार. मिंट मागच्या खोलीतल्या मशीनवर आधीपासून होतं, मग काउंटरवर फेडोरा ४२ वर्कस्टेशन टाकलं आणि माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४. चौथ्यावर विंडोजच आहे कारण एका पोर्टलचं थंब मशीन दुसरीकडे चालतच नाही, तो विषय सोडा.

हा रिव्ह्यू दिसायला कोणतं भारी यावर नाहीये. मला एकच गोष्ट बघायची होती, इन्स्टॉल केल्याच्या दिवशी, आपण काहीच हात न लावता, सिक्युरिटीचं काय काय आधीच चालू असतं. कारण आमच्याकडे दिवसभर लोकांचे आधार, पॅन, पासबुक, सातबारा, जातीचे दाखले स्कॅन होतात, ॲडमिशनच्या टायमाला तर शे-दीडशे पोरापोरींची अख्खी कुंडली एका फोल्डरमध्ये पडलेली असते, आणि वायफायचा पासवर्ड मी शहाण्याने भिंतीवर चिकटवून ठेवला होता कारण बसलेलं गिऱ्हाईक दर दोन मिनिटांनी विचारायचं. म्हणजे तोच फोल्डर आणि तेच वायफाय. हे लक्षात आलं तेव्हा मे महिन्यात घाम फुटला, तसा भुसावळला मे महिन्यात फुटतोच म्हणा, पण हा वेगळा.

आधी फेडोरा. पहिल्यांदा चालू करून टर्मिनलमध्ये गेटएनफोर्स ही कमांड टाकली तर उत्तर आलं एनफोर्सिंग. म्हणजे एसई-लिनक्स, कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाईलीला हात लावायचा हे ठरवणारा लिनक्समधला पहारेकरी, पूर्ण दमात चालू, मला कुणी विचारलं नाही की भाऊ चालू ठेवू का. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून आत येणाऱ्याला अडवणारं दार, पण चालू. एसई-लिनक्स चालू देणं हे त्यांचं आजचं नाही, २००४ मध्ये नोव्हेंबरात फेडोरा कोअर ३ आलं तेव्हापासून असंच आहे. त्याची पण गंमत आहे, त्याच्या आधीच्या कोअर २ च्या टेस्टिंगला त्यांनी हे एकदम कडक नियमांनी चालू करून दिलं होतं, लोकांचं इतकं काही अडकायला लागलं की फायनलला बंद करूनच द्यावं लागलं. मग कोअर ३ ला अक्कल वापरली, सगळ्यांवर पहारा ठेवायचा सोडून जे प्रोग्राम बाहेरच्या नेटवर्कशी बोलतात अशा मोजक्यांवरच ठेवला, याला टार्गेटेड पॉलिसी म्हणतात, आणि ते टिकलं. फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीच्या पैसेवाल्या लिनक्समध्ये पण २००५ पासून चालूच येतं.

आमच्या दुकानात येणारे एक रिटायर्ड रेल्वेवाले काका आहेत, त्यांना हे सांगत होतो तर म्हणे हे अमेरिकेच्या गुप्तहेर लोकांनी बनवलंय ना रे, मग तू दुकानात घेतलंच कसं. बरोबर आहे त्यांचं, एसई-लिनक्स मूळ अमेरिकेच्या एनएसएकडून आलं, २००० च्या डिसेंबरात त्यांनी कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि २००३ मध्ये लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ते सामील झालं. मी म्हटलं काका कोड वीस-पंचवीस वर्षं सगळ्या जगासमोर पडलाय, आणि तुमच्या शर्टाच्या खिशात जो अँड्रॉइड आहे त्यात पण हेच चालू आहे, ५.० पासून म्हणजे २०१४ पासून पूर्ण. काकांनी फोन काढला, उलटा सुलटा पाह्यला आणि परत खिशात ठेवला. बंद कुठून करायचं ते काही विचारलं नाही.

आता त्रास सांगतो, कारण त्रास झालाच. फेडोराच्या मशीनवर मी थेट रूटमध्ये, म्हणजे डिस्कच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, एक फोल्डर केला आणि सांबा (विंडोजशी फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) लावून तो बाकीच्या मशीनला शेअर केला, म्हणजे स्कॅन इथे पडलं की कुठूनही प्रिंट मारता येईल. विंडोजवरून मशीनच सापडेना. ते फायरवॉलमुळे होतं, सांबाचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायची खिडकी, ४४५ नंबरचा, तो बंद होता, सांबा सर्व्हिस परमनंट अलाऊ केली, रिलोड मारलं, झालं. मग फोल्डर दिसायला लागला पण आत जायला गेलं की परमिशन नाही. इथून माझे अडीच तास गेले. युजर बरोबर, पासवर्ड बरोबर, सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, जे कुणी मारू नये ते पण मारलं, तरी तेच. दुकानातला पोरगा म्हणतो, "भाऊ, हे तं उघडूनच नही राह्यलं, पेनड्राईव्हनंच देतो ना." बाहेर लाईन लागलेली. दिलं पेनड्राईव्हनंच.

रात्री शटर अर्धं खाली करून बसलो तेव्हा कळलं की गोष्ट परमिशनची नव्हतीच. एलएस मायनस झेड ही कमांड मारली की प्रत्येक फाईलीपुढे एक लेबल दिसतं, आणि एसई-लिनक्स ते लेबल बघतं. आपल्या पार्सल ऑफिसात कसं, बोचक्यावर मार्का असतो, हमाल बोचकं उघडून बघत नाही आणि ते कुणाच्या दुकानासमोर ठेवलंय ते पण बघत नाही, मार्का बघतो आणि त्या गाडीत टाकतो. माझ्या फोल्डरवर डिफॉल्ट-टी असा काहीतरी सटरफटर मार्का होता, आणि सांबाला फक्त सांबा-शेअर-टी मार्क्याचा माल उचलायची परवानगी. सेमॅनेज कमांडने त्या फोल्डरचा मार्का कायमचा ठरवून दिला, मग रिस्टोअरकॉनने तो फोल्डरवर चिकटवला, आणि विंडोजवर फोल्डर असा उघडला जसं काही झालंच नव्हतं. दोन ओळी. अडीच तास आणि दोन ओळी. ७७७ परत काढलं ते वेगळं.

यात अजून एक खोच आहे जी कुणी सांगत नाही, फाईल मूव्ह केली तर जुना मार्का सोबत येतो, कॉपी केली तर नव्या जागेचा लागतो. मी दुकानाच्या रेटचं एक पान बनवून वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये मूव्ह केलं होतं, फोनवर उघडलं तर फॉरबिडन. घरच्या फोल्डरचा मार्का घेऊन आलं होतं ना ते. परत रिस्टोअरकॉन, पण यावेळी दोन मिनिटांत.

तर इथे माझी फेडोराबद्दल खरी तक्रार आहे. चालू करून दिलंत ते एकदम बरोबर, पण अडवलं कुणी ते तरी सांगा ना. सांबा म्हणतं परमिशन नाही, विंडोज म्हणतं परमिशन नाही, आणि ज्याने अडवलं तो गप्प लॉगमध्ये जाऊन बसलेला. सेट्रबलशूट म्हणून पॅकेज आहे, ते टाकल्यावर मात्र नीट सांगतं की एसई-लिनक्सने अमुक प्रोग्रामला अमुक फोल्डर वाचू दिला नाही, आणि काय केलं तर चालेल याचे दोन-तीन उपाय पण देतं, कोणता किती टक्के लागू वाटतो ते आकड्यासकट. पण वाचून घ्या, शेवटचा उपाय बहुतेक वेळा असा असतो की जे अडलं त्याची सरसकट परवानगी बनवून टाका, आणि लोक तोच पेस्ट करतात. इंग्रजी पण अशी की आमच्या पोराला वाचून दाखवली तर म्हणे भाऊ ह्ये कोर्टाची नोटीस से का?

फेडोराच्या फायरवॉलचं पण थोडं कौतुक कमी करतो. वर्कस्टेशनमध्ये ती चालू असते हे खरं, पण १०२५ पासून ६५५३५ पर्यंतचे पोर्ट त्यांनी मुद्दाम उघडे ठेवलेत, कारण घरगुती वापरात गेम, फाईल शेअरिंग असलं काही अडायला नको. म्हणजे पुढचं दार बंद आणि बाकी वाड्याला भिंतच नाही. दुकानात वापरणार असाल तर फायरवॉलचा झोन (नियमांचा संच) बदलून घ्या, मी पब्लिक झोन लावलाय.

आता मागच्या खोलीतलं मिंट. हे मी दोन वर्षं वापरतोय आणि लोकांना पण टाकून देतो, कारण विंडोजवाल्याला लगेच जमतं. अ‍ॅपआर्मर हा एसई-लिनक्ससारखाच दुसरा पहारेकरी, तो त्यात चालू येतो, मिंट उबुंटूवरूनच बनलेलं आहे ना. पण त्या दिवशी सहज यूएफडब्ल्यू, म्हणजे मिंटच्या फायरवॉलचं, स्टेटस बघितलं तर काय, इनॲक्टिव्ह. दोन वर्षं! मला वाटायचं फायरवॉल आहे म्हणजे चालूच असणार. आहे, मेनूत आयकॉन पण आहे, सुरुवातीच्या वेलकम स्क्रीनवर फर्स्ट स्टेप्सच्या यादीत पण त्याचं नाव आहे, पण त्या यादीत आपण पॅनलचा रंग बदलतो आणि खिडकी बंद करतो. उबुंटूत पण तेच, यूएफडब्ल्यू टाकलेलं असतं आणि बंद असतं.

त्यांची बाजू पण सांगतो नाहीतर अन्याय होईल. उबुंटूवाल्यांचं म्हणणं असं की आम्ही डिफॉल्टला बाहेरून कुणी बोलू शकेल असा सर्व्हर चालूच ठेवत नाही, पोर्ट उघडेच नाहीत, मग फायरवॉल कशाला. घरी सिनेमा बघायला आणि मेल वाचायला हे बरोबरच आहे. पण मी सांबा टाकला, रिमोटने बघता यावं म्हणून एसएसएच टाकलं, आणि ते दोन्ही इन्स्टॉल होताच आपोआप चालू झाले, वायफायवर बसलेल्या सगळ्यांसाठी. माझ्या लॅपटॉपवरून एनमॅपने (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम) पाह्यलं तर २२, १३९, ४४५ तिन्ही उघडे. त्या दोन वर्षांत आमच्या वायफायवर किती फोन येऊन गेले असतील देवाला माहीत. पासवर्ड अवघड होता म्हणून वाचलो, आणि कदाचित आमच्या गिऱ्हाईकांना रील्स सोडून दुसरं काही बघायचं नव्हतं म्हणून.

अ‍ॅपआर्मरचं मला आवडतं की ते लेबलच्या भानगडीत पडत नाही, फाईलचा पत्ता बघतं, हा प्रोग्राम या पत्त्यावर जाऊ शकतो, त्या पत्त्यावर नाही. प्रोफाईल, म्हणजे एका प्रोग्रामच्या नियमांची फाईल, उघडून वाचली तर माणसाला कळते. पण ज्याची प्रोफाईल नाही त्याला कोणी विचारत नाही. डेबियन या लिनक्सने २०१९ मध्ये १० नंबरच्या व्हर्जनपासून हे डिफॉल्ट चालू केलं. ओपनसुसे या लिनक्सची तर वेगळीच कथा, अ‍ॅपआर्मर एकेकाळी नॉव्हेल कंपनीच्या घरचं, २००५ मध्ये त्यांनी बनवणारी कंपनीच विकत घेतली होती, सुसे तेव्हा त्यांचीच, आणि आता २०२५ मध्ये ओपनसुसे टंबलवीडने नवीन इन्स्टॉलला एसई-लिनक्स लावायला सुरुवात केली. घरचं लोणचं सोडून शेजारच्याकडे जेवायला.

उबुंटू २४.०४ मध्ये अजून एक गोष्ट डिफॉल्टला चालू झाली आणि तिच्यावरून माझ्याकडे तीन-चार पोरं येऊन गेली, इंजिनिअरिंगवाली. युजर नेमस्पेस म्हणून प्रकार असतो, ब्राउझर वगैरे त्याचा उपयोग स्वतःभोवती कुंपण घालायला करतात, पण कर्नलमधल्या बऱ्याच भोकांपर्यंत पोचायला चोर पण तोच रस्ता वापरतात. म्हणून उबुंटूने ठरवलं की ज्या प्रोग्रामची अ‍ॅपआर्मर प्रोफाईल आहे त्यालाच हे नीट वापरता येईल. झालं काय, इलेक्ट्रॉन या ब्राउझरसारख्या सांगाड्यावर बनलेले, एकाच फाईलीत येणारे अ‍ॅपइमेज डाउनलोड करून डबल क्लिक केले की काहीच होत नाही. एरर पण नाही, टर्मिनलमधून चालवलं तर सँडबॉक्सबद्दल (त्याच कुंपणाबद्दल) काहीतरी लिहून मरतं. एका पोराने व्हिडिओ बघून एका कमांडने ते अख्खं बंधनच काढून टाकलेलं. त्या एका अ‍ॅपसाठी दहा-बारा ओळींची प्रोफाईल लिहिली तर काम होतं, मी त्याला लिहून दिली, पन्नास रुपये घेतले. तो म्हणे व्हिडिओत तर फुकट होतं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. आम्ही एक बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, कंपनीचं नाव नको, लिनक्सवर चालतं म्हणाले. सपोर्टवाल्याने स्क्रीन घेतली आणि काहीही न बघता, सॉफ्टवेअरची फाईल पण उतरवायच्या आधी, पहिली कमांड टाकली सेटएनफोर्स ०, म्हणजे एसई-लिनक्सचं अडवणं बंद, आणि मग त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये जाऊन डिसेबल्ड लिहिलं. मी म्हटलं, "दादा, हे कशाला?" तो म्हणतो, "सर, आम्ही सगळीकडे पहिले हेच करतो, नंतर इश्यू येत नाही."

सगळीकडे! आमचे मामा सावद्याला असतात, केळी आहे त्यांची. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर व्होल्टेज कमी झालं की ट्रिप व्हायचा, रात्रीच्या लाईटीला उठून शेतात जायचा कंटाळा, म्हणून वायरमनने ओव्हरलोड रिलेच बायपास करून डायरेक्ट करून दिलं. मामा खुश, म्हणे कायले उठायचं आता. चार महिने पाणी एकदम सुरळीत. मग एका रात्री एक फेज गेला, मोटर गुरगुरत राह्यली आणि सकाळी वास आला. रिवायंडिंगचे पैसे, मोटर वर काढायची मजुरी, आणि आठ दिवस केळीला पाणी नाही ते मे महिन्यात, निसवणीला आलेला बाग. रिले वाईट नव्हता, तो सांगत होता की व्होल्टेज कमी आहे, पण त्याला सांगता येत होतं ते फक्त बंद पडून. एसई-लिनक्सचं हुबेहूब तेच आहे, ते अडवतं तेव्हा बहुतेक वेळा आपलंच काहीतरी वाकडं असतं, पण सांगायची पद्धत अशी की माणूस वायरमनला बोलावतो.

सपोर्टवाला गेल्यावर मी परत चालू केलं. आणि हे लक्षात ठेवा, बंद करणं एक सेकंदाचं काम आहे, परत चालू करणं नाही. मध्ये रीबूट होऊन ते बंद अवस्थेत चाललं असेल तर तेवढ्या वेळात बनलेल्या फाईलींना मार्काच नसतो, म्हणून सगळ्या डिस्कला नव्याने लेबल मारावं लागतं, ऑटोरिलेबल. आमची जुनी फिरणारी हार्डडिस्क, इन्व्हर्टरवर, काळ्या स्क्रीनवर टक्के मोजत बसलो अर्धा तास, आणि एक बाई उत्पन्नाच्या दाखल्याची प्रिंट घ्यायला समोर उभ्या. बिलिंगचं सॉफ्टवेअर नंतर एनफोर्सिंगमध्येच चालू केलं, दोन ठिकाणी अडलं, एक बुलियन (एसई-लिनक्समधलं चालू-बंदचं बटण) ऑन केला, एका फोल्डरला लेबल दिलं, तेव्हापासून चालू आहे. म्हणजे बंद करायची गरजच नव्हती.

ज्यांना वाटतं हे चालू असलं म्हणजे आता काही होत नाही, त्यांना पण सांगतो, तसं नाहीये. फेडोरात आपण लॉगिन करून स्वतः जे चालवतो त्याला जवळपास मोकळीकच असते, नावच त्याचं अनकन्फाइन्ड. म्हणजे उद्या मी कुठल्या तरी साईटवरून स्क्रिप्ट उतरवून स्वतःच्या हाताने चालवली आणि तिने माझे स्कॅन उडवले तर एसई-लिनक्स बाजूला उभं राहून बघेल. पहारा सांबावर, वेब सर्व्हरवर, प्रिंटरच्या सर्व्हिसवर आहे, माझ्यावर नाही. आणि गिऱ्हाईकं विचारतात तो अँटिव्हायरस हा नव्हे, पेनड्राईव्हमधला विंडोजचा व्हायरस तो ओळखत नाही, फक्त इथे तो चालत नाही एवढंच. बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो, मी रोज रात्री घेतो, म्हणजे आठवण राह्यली तर.

काही लिनक्सवाले मित्र म्हणतात की डिफॉल्ट चालू म्हणजे जबरदस्ती, ज्याला पाहिजे तो करेल चालू. मी माझं सांगतो, रोज कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, रिपेरिंगचे पैसे घेणारा, आणि दोन वर्षं मला माहीत नव्हतं की मिंटचं फायरवॉल बंद आहे. गिऱ्हाईकांना टाकून दिलेल्या मशीनपैकी एकाने पण स्वतःहून चालू केलेलं मी पाह्यलं नाही. आता मीच टाकून देताना यूएफडब्ल्यू चालू करूनच देतो, पाच सेकंद लागतात.

मार्क द्यायचे तर फक्त या एका बाबतीत, फेडोराला ५ पैकी ४, एक कापला तो गप्प बसल्याबद्दल आणि त्या उघड्या पोर्टांबद्दल. शिवाय एका व्हर्जनला अपडेट जेमतेम १३ महिने मिळतात, दर वर्षी वर चढावं लागतं, दुकानाला ही कटकट आहे. उबुंटूला साडेतीन, नेमस्पेसचं त्यांनी धाडस केलं ते मला पटलं, फायरवॉलचं पटलं नाही. मिंटला ३, आणि तरी नवीन माणसाला मी मिंटच टाकून देईन, त्याला काय झेपणार ते पण बघावं लागतं.

वायफायचा पासवर्ड भिंतीवरून काढला, गिऱ्हाईकांसाठी राऊटरवर गेस्ट नेटवर्क वेगळं केलं. मामांनी नवीन स्टार्टर बसवला, रिलेसकट. बिलिंगवाल्यांचा सपोर्टवाला अजून अधूनमधून फोन करतो, रिन्युअलसाठी. त्याचा नंबर मी डायरेक्टवाला म्हणून सेव्ह केलाय, आणि आता स्क्रीन देतो तेव्हा माऊस माझ्याच हातात ठेवतो.